एकसष्टच्या आत

शिवरात्र झाली आणि होसकोट्याच्या अंगाचे बोअर एकामागून एक धापा टाकायला लागले. मोटर चालू केली की आधी नुसती हवा यायची, मग तांबडी गढूळ धार आणि बादली भरायच्या आत पुन्हा हवा. टँकरमालक कृष्णमूर्तींच्या बोअरला मात्र अजून पाणी होतं, म्हणून त्यांच्या टँकरवरच्या मल्लाप्पाला रविवार उरला नव्हता. उजाडायला पाईप टाकीच्या तोंडात अडकवायचा, टाकी भरेस्तोवर चाकाशी उकिडवं बसून चहा घ्यायचा आणि भरली की निघायचं ते थेट बेंगळुरूतलं एचएसआर लेआउट. तिथल्या उंच इमारतींच्या मागच्या फाटकाला टँकरची रांग लागलेली असायची. वॉचमननं हात केला की आत. त्यानं पाठ केली की उन्हात उभं राहायचं.

मल्लाप्पा चिकोडीकडचा, घरात मराठी बोलणारा. लग्न झाल्यावर बायकोला, कावेरीला, घेऊन बेंगळुरूला आला तो इकडचाच झाला. कावेरी कारखान्यांच्या एका कँटीनमध्ये चपात्या लाटायची. त्यांना मूल झालं नाही. पण आई वारल्यावर कावेरीचा धाकटा भाऊ रोशन शाळेचं दप्तर घेऊन त्यांच्या पत्र्याच्या खोलीत आला आणि पोराची जागा त्यानं घेतली. कावेरीला तो अक्का म्हणायचा, मल्लाप्पाला दाजी.

शाळेमागं एका शेडमध्ये नागराज सर मुलांना बॉक्सिंग शिकवायचे. लष्करातनं निवृत्त झालेला माणूस. शेडला दोर बांधून केलेली रिंग आणि छताला टांगलेली, चिंध्या भरलेली दोन पोती, एवढंच सामान. रोशन तिथं जायला लागला आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा हात असा सुटायला लागला की पोत्याला मारल्याचा आवाज रस्त्यावर यायचा. अंगानं शेलाटा, हात लांब, पाय हलके. साठ किलोच्या गटात राज्याचं सोनं त्यानं दोनदा आणलं. देशपातळीवर मात्र दोन्ही वेळा गुणांवर हरला. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागेल असं सगळे म्हणत होते. यादी लागली, तीत त्याचं नाव नव्हतं. मग तो होसकोट्याच्या एका गोदामात खोकी चढवायला लागला. ओझ्यानं खांदे रुंदावले, मानेला जाडी आली.

"हाडं वाढली रे तुझी," नागराज सर कन्नडात म्हणाले. "साठमध्ये तू आता मावत नाहीस. वरच्या वजनात चल. पहिलं वर्ष मार खाशील, दुसऱ्या वर्षी देशील."

रोशननं मान हलवली. पण त्याच दिवसांत, आदल्या वर्षीच्या एका रविवारी, तो मल्लाप्पाच्या टँकरवर मदतीला म्हणून एचएसआरला गेला. पाईप जोडून दिला, पाणी उतरेस्तोवर काम काही नव्हतं. टँकरच्या सावलीत उभा राहून तो हवेत हात चालवायला लागला. वॉचमन ओरडला, "ए, हिरवळीवर पाय देऊ नको." रोशन खाली उतरला आणि सिमेंटवर पुन्हा सुरू झाला. इमारतीच्या जिमखान्याच्या काचेतून एक माणूस बघत होता. तो गळ्यात टॉवेल टाकून खाली आला.

"तू बॉक्सर आहेस ना? आणि मराठी बोलताना ऐकलं तुला आत्ता. अरे वा!" त्यानं हात पुढं केला. "मी अभिजीत. पुण्याचा. आम्ही प्रो बॉक्सिंगचे शो करतो इथे. तुझ्या हातांचा रीच बघितला मी. लाइटवेटमध्ये तुझ्या उंचीचा मुलगा नाहीये आख्ख्या साउथमध्ये."

"सर वरच्या वजनात जा म्हणतेत," रोशन म्हणाला.

"वरच्या वजनात तू ऑर्डिनरी होशील. इथे तू स्पेशल आहेस. एकसष्टच्या आत राहायचं, बस्स."

मल्लाप्पा पाईप गुंडाळत होता. अभिजीतनं त्याच्याकडं बघून विचारलं, "हे ड्रायव्हर तुझे कोण?"

"दाजी."

"सॉरी हां दाजी," असं म्हणून तो मोकळेपणानं हसला. माणूस वाईट नव्हता.

नागराज सरांनी ऐकलं तेव्हा त्यांनी रोशनला काही म्हटलं नाही. मल्लाप्पाला मात्र शेडबाहेर बोलावून घेतलं. "आमच्यात, हौशी बॉक्सिंगमध्ये, तीन राउंड असतात. वजन सकाळी आणि झुंज त्याच दिवशी, म्हणून पोरगा स्वतःला फार सुकवू शकत नाही. तिकडं वजन आदल्या दिवशी. मग पोरं अंगातलं पाणीच काढून टाकतात. तू त्याच्या घरचा आहेस. लक्ष ठेव."

पहिली व्यावसायिक झुंज बनशंकरीच्या एका मंगल कार्यालयात झाली. नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात त्या जागी रिंग उभी केली होती. बनियन नाही, ग्लोव्हज लहान. सर आले नाहीत, म्हणून बादली, टॉवेल आणि बर्फ घेऊन मल्लाप्पाच कोपऱ्यात उभा राहिला. शेडमध्ये पोत्याचा आवाज ऐकून कान सवकले होते, पण हा आवाज वेगळा होता. ओलं कापड दगडावर आपटावं तसा. रोशन जिंकला. दिव्यांच्या झोतात त्याचा हात वर धरला गेला तेव्हा त्याची डावी भुवई अंड्यासारखी सुजली होती आणि तो हसत होता. कावेरीनं घरी आल्यावर भुवईला हळद लावली आणि तोंड फिरवून घेतलं.

दुसरीही जिंकला, तिसरीही. तिसऱ्या झुंजीवरून रिक्षातून परत येताना सिल्क बोर्डच्या गर्दीत रिक्षा थांबली. रोशन बाहेर बघत होता. मधेच वळून म्हणाला, "दाजी, कितवा राउंड झाला?"

मल्लाप्पानं विचारलं, "काय म्हणालास?"

रोशन त्याच्याकडं बघत राहिला. मग हसला. "चेष्टा करालोय की."

मल्लाप्पानं ते कावेरीला सांगितलं नाही. चेष्टाच असेल, असं त्यानं स्वतःला सांगून ठेवलं.

विजेतेपदाच्या पट्ट्याची झुंज ठरली ती या उन्हाळ्यात, एप्रिलात. आठ राउंड. समोरचा पोरगा उत्तरेकडचा, एकही हार नसलेला. आदल्या दिवशी दुपारी वजन, आणि काटा एकसष्ट किलो दोनशे ग्रॅमच्या पुढं जाता कामा नये. रोशन तेव्हा एकोणसत्तर भरत होता.

घरातलं जेवण बदललं. कावेरी कँटीनमध्ये दिवसभर कणकेचे डोंगर उपसायची आणि घरी येऊन भावाला अंड्याचा पांढरा भाग आणि उकडलेला दुधी द्यायची. तो भिंतीकडं तोंड करून जेवायचा. बाकीचे जेवायला बसले की उठून बाहेर जायचा. आमटीचा वास सोसत नाही म्हणायचा. गालफडं बसली, कानामागची शीर दिसायला लागली. शेवटच्या आठवड्यात मीठ बंद झालं, मग पाणी मोजून. आणि तेव्हाच त्यांच्या वठारातला, चाळीतला, सामाईक नळ पार आटला. मल्लाप्पा टँकरच्या तळातलं पाणी दोन घागरी भरून घरी आणायचा. त्या घागरींकडं रोशन अशा नजरेनं बघायचा की कावेरीनं त्यांच्यावर ताटं झाकली आणि घागरी खाटेखाली सारल्या.

"अक्का, मी काय चोरून पिणार हाय व्हय?" रोशन म्हणाला.

"तुझ्यासाठी न्हाई ठेवल्या. मला बघवेना म्हणून ठेवल्या."

नागराज सर एकदा सायकल मारत घरी आले. रोशनला काही न विचारता त्यांनी त्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ खाली बसेना. सरांनी ती मल्लाप्पाला दाखवली.

"थांबव याला."

"सर, एकदा हे होऊ द्या," रोशनच म्हणाला. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. "पट्टा आला की जातो वरच्या वजनात. शप्पत."

"माझी शपथ घेऊ नको," सर म्हणाले आणि सायकलीकडं वळले.

वजनाच्या दिवशी सकाळी मल्लाप्पा बोअरवर टाकी भरत होता. ऊन चढलं होतं. रस्त्याच्या धुळीतून रोशन चालत येताना दिसला. अंगात प्लॅस्टिकचं जॅकेट, त्यावर दोन स्वेटर, डोक्याला टोपी. जवळ आल्यावर खांबाला धरून उभा राहिला.

"किलोच्या वर ऱ्हायलंय अजून," तो म्हणाला. "पळायला गेलतो. पोटऱ्यात गोळे येतेत. दाजी, तुमच्या केबिनमधी बसतो. काचा वर घ्या."

"अक्काला सांगितलंस?"

"अक्काला काय सांगायचं? ती रडंल. एचएसआरला पोचेस्तोवर हुतंय बघा. तिथनं अभिजीत सर हॉटेलात नेणार हैत."

मल्लाप्पा पाण्याकडं बघत राहिला. टाकी भरून वरनं सांडायला लागली तेव्हा भानावर आला. नाही म्हणायचं होतं. पण बारा वर्षं ज्या पोराला कधी काही मागावं लागलं नव्हतं, तो आता खांब धरून मागत होता. मल्लाप्पानं कॉक बंद केला आणि म्हणाला, "चढ."

रोशनला दांडी दोनदा पकडावी लागली. जुनी गाडी, इंजिनाचा उंचवटा केबिनच्या मधोमध, त्याची धग थेट मांडीला. काचा वर घेतल्यावर आतली हवा भट्टीसारखी झाली. मल्लाप्पाचा शर्ट पाठीला चिकटला. रोशनच्या बाह्यांच्या टोकातून घामाचे थेंब टपटप पायाशी पडत होते. मधूनमधून तो रिकाम्या बाटलीत थुंकत होता. तेवढंच वजन कमी.

के. आर. पुरमच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. ब्रेक मारला की मागच्या टाकीत पाणी डुबुक करून आपटायचं.

"ते पाणी आवाज करालंय," रोशन डोळे मिटून म्हणाला.

"टाकी हाय. हलणारच."

"बंद करा की."

थोडं पुढं गेल्यावर रोशननं पुन्हा बाटली तोंडाला लावली, पण थुंकी आलीच नाही. जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा आवाज तेवढा आला. मल्लाप्पानं नजर खाली टाकली. बाह्यांतून पडणारे थेंब थांबले होते. त्यानं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं रोशनचं मनगट धरलं. कोरडं. तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं.

"रोशा, तुझा घाम थांबलाय."

"बरं झालं." जीभ जड झाली होती, शब्द लोळत होते. "दाजी, थंडी वाजायली. काच लावा."

"काचा बंदच हैत रे."

रोशन सीटवर सरळ झाला. डोळे उघडे होते, पण ते कशावरच टिकत नव्हते. "घंटा झाली?" त्यानं विचारलं. मग त्यानं दोन्ही मुठी हनुवटीशी घेतल्या, खांदा पुढं काढला आणि समोरच्या काचेवर एक गुद्दा मारला. त्या गुद्द्यात काही जोर नव्हता. दुसरा मारायला गेला आणि डॅशबोर्डवर कोसळला.

मल्लाप्पानं हॉर्नवर तळवा दाबून ठेवला आणि गाडी आडवी घालत डाव्या बाजूच्या लहान रस्त्याला उतरवली. मागून शिव्या आल्या. त्यानं रोशनला काखेत धरून ओढत मागं नेलं. स्वेटर ओरबाडून काढले, जॅकेटची चेन अडकली, तेव्हा दातांनी फाडली. त्याला टाकीच्या व्हॉल्व्हखाली जमिनीवर आडवं करून त्यानं व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. पाणी धाडकन त्याच्या छातीवर कोसळलं.

तिथं जवळच एका कोरड्या सार्वजनिक नळापाशी घागरींची रांग होती. पाण्याचा आवाज ऐकून बाया धावत आल्या. एकजण ओरडली, "यारप्पा नीनू, कोण रे तू, एवढं पाणी रस्त्यावर ओतालास?" मग तिला खाली पडलेला पोरगा दिसला. तिनं घागर टाकली, चिखलात बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मल्लाप्पा ओंजळीनं त्याच्या तोंडात पाणी ओतायला लागला तसा तिनं त्याचा हात धरला. "स्वल्प, अण्णा, स्वल्प, थोडं थोडं," असं म्हणत तिनं पदराचं टोक भिजवलं आणि ते रोशनच्या ओठांवर थेंब थेंब पिळायला लागली. बाकीच्या बाया त्याच्या अंगावरून ओघळणाऱ्या पाण्याखाली घागरी लावत होत्या. मल्लाप्पानं व्हॉल्व्ह बंद केला नाही.

बायांनी थांबवलेल्या रिक्षावाल्यानं पाय पोटाशी दुमडून त्याला मागच्या सीटवर घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं दोन्ही हातांना सलाईन लागलं. लघवी झाली ती काळ्या चहाच्या रंगाची. डॉक्टरीण म्हणाली, मूत्रपिंडांवर ताण आलाय, डोक्याचंही तपासायला हवं, असल्या अवस्थेत याला उद्या रिंगमध्ये मारहाण झाली असती तर तिथनं उठलाच नसता.

कावेरी कँटीनमधून तशीच आली होती. कोपरापर्यंत पीठ. भावाकडं बघितलं, चादर नीट केली आणि मल्लाप्पाला बाहेरच्या बाकाशी नेलं.

"तुमच्या गाडीत कसा आला?"

त्यानं सगळं सांगितलं.

"काचा कुणी वर घेतल्या?"

"मी."

तिनं हातावरचं सुकलेलं पीठ नखानं खरवडलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याला ताट वाढायची, पण समोर बसायची नाही.

संध्याकाळी अभिजीत आला. दारातून सलाईनच्या नळ्या बघून तो पांढरा पडला. "मल्लाप्पा, तुम्ही मला कॉल करायला हवा होता. हॉटेलवर डॉक्टर होते आपले." मग खुर्चीवर बसला. उठताना म्हणाला, "हॉस्पिटलचं मी बघतो. आणि याला सांगा, टेन्शन घेऊ नकोस. पुन्हा करू." दुसऱ्या दिवशी रोशनच्या जागी हैदराबादचा एक पोरगा लढला आणि दुसऱ्याच राउंडमध्ये पडला.

रस्त्यावर सांडलेल्या पाण्याची बातमी कृष्णमूर्तींना मल्लाप्पाच्या आधी एचएसआरच्या सोसायटीनं पोचवली. "तुझी अडचण समजते रे," ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढं केला. मल्लाप्पा मग रोशनच्याच गोदामात खोकी चढवायला लागला. वय आडवं यायचं. रात्री कंबर धरायची, आणि शेजारी पाठ करून झोपलेली कावेरी जागी आहे हे त्याला श्वासावरून कळायचं.

रोशन घरी आला. जेवायला लागला, गालांवर मांस आलं. नागराज सर येऊन बसले. "दवाखान्याचे सगळे कागद नीट येऊ देत. मग वरच्या वजनात शेडवर ये. घाई नाही." पण रोशन मोबाईलवर त्या उत्तरेकडच्या पोराच्या झुंजी बघत पडून राहायचा. हरियाणातला, झुंजी लावणारा कुणी माणूस त्याला फोन करायचा, तेव्हा उठून बाहेर जायचा.

एक दिवस वठाराच्या पायरीवर तो मल्लाप्पाशी बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुम्ही गाडी थांबवायला नको हुती, दाजी."

"बेशुद्ध पडलतास तू."

"न्हाई. मी डोळं मिटलं हुतं. माझं वजन बसत आलतं."

"काचेला गुद्दा मारलास. घंटा झाली काय म्हणून विचारलंस."

रोशननं त्याच्याकडं रागानं बघितलं. मग त्या रागात काहीतरी चुकल्यासारखं झालं. तो ते आठवायला बघत होता, आणि आठवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "तुम्ही घाबरलासा. घाबरलेला माणूस कायबी बघतोय."

"वरच्या वजनात जा की रे."

"वरच्या वजनात मला कोण वळखतंय?"

हरियाणाला निघाला तेव्हा यशवंतपूर स्टेशनवर दोघंही सोडायला गेली. तिकडच्या माणसानं तिकीट पाठवलं होतं, राहायचं-खायचं तिथंच होतं. कावेरीनं डब्यात दशम्या दिल्या. "काय खायचं ते खा, पण खा," एवढंच बोलली. रोशन वाकून तिच्या पाया पडला. मल्लाप्पाच्या पाया पडायला वाकला आणि मधेच थांबून त्याला मिठी मारली. त्या मिठीत मल्लाप्पाच्या हाताला पाठीचा एकेक मणका लागला. गाडी सुटल्यावर त्याला कळलं की पोरानं वजन उतरवायला घरातच सुरुवात केली होती.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये कावेरी त्याच्या शेजारी बसली. "तुम्ही त्या दिवशी गाडी थांबवलीसा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तेवढंच. पण ती बोलली म्हणून मल्लाप्पाला हायसं वाटलं. मग वाटलं, तिकडं कुणाची गाडी असेल, आणि तो माणूस थांबेल का?

दसरा होऊन गेला होता. थंडी अजून पडायची होती. दोघं कामावरून आली होती, चुलीवर भात रटरटत होता. फोन वाजला.

"दाजी," पलीकडून आवाज आला. मागं बरीच माणसं बोलत होती, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. "दाजी, बसलं वजन. एकसष्टच्या आत. उद्या झुंज हाय."

मल्लाप्पा उठून उभा राहिला. शब्द लोळत येत होते. प्रत्येक शब्दाआधी जीभ टाळूपासून सुटल्याचा तो आवाज.

"रोशा, पाणी पिलास?"

"पितो की आता."

"आत्ता पी. माझ्यासमोर पी. ऐकू दे मला."

"दाजी," रोशन म्हणाला आणि थांबला. पलीकडं कुणी त्याला हिंदीत हाका मारत होतं. "दाजी, अक्का कुठं हाय? टँकरवर हाय काय?"

"टँकरवर कशी असंल रे ती? रोशा, हिकडं बघ... कोण हाय तिथं तुझ्याजवळ? त्याला फोन दे."

फोन बंद झाला. मल्लाप्पानं परत लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला.

कावेरी चुलीपाशी उभी होती. तिच्या हातात पळी होती. "काय म्हणाला?"

"बसलं म्हणाला वजन."

"बोलला कसा?"

मल्लाप्पाला खोटं बोलायचं होतं. ते तोंडाशी आलंही होतं. पण ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"जड," तो म्हणाला.

कावेरीनं पळी खाली ठेवली. चूल विझवली. खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात दोन लुगडी आणि त्याचा एक शर्ट कोंबला. पाय चपलांत सरकवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नागराज सरांकडं चला. तिकडच्या माणसाशी त्यांना तरी हिंदीत बोलता येईल. न्हाई बोलला कुणी, तर विमान कुठनं सुटतंय ते विचारा."

"विमान..." मल्लाप्पा म्हणाला. "उद्या झुंजीच्या आत पोचतंय का ते?"

ती गल्लीत उतरलीही होती. मल्लाप्पा फोन कानाला तसाच धरून तिच्या मागं निघाला. पलीकडं रिंग वाजत होती, वाजतच होती.